मधली चार घरं

टायपिंगच्या धंद्यात हात चालू ठेवायचे आणि कान बंद, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता तुम्हीच सांगा, कान काय प्रिंटर आहे का, बटण दाबलं की बंद! नंदुरबारला कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, जे लागेल ते टाइप करून देते. लोक आपापला कागद घेऊन जातात, किस्से मात्र इथंच सोडून जातात. इतक्या वर्षांत एवढे साठलेत की घरी सांगायला गेले की मुलं म्हणतात, "आई, हा झालाय!"

म्हणून तुम्हाला सांगते. तुमचे अजून झालेले नाहीत.

माझ्या टेबलाच्या मागं एक बाक आहे आणि बाकावर बुद्धिबळाचा पट. तारखेला आलेल्या माणसाला दिवसभर दुसरं काय काम असतं? बसतो आणि खेळतो. कायमचे आम्ही चौघं. मी. स्टँप पेपर विकणारे नाना, आमच्यात सगळ्यात वडील. एक तरुण वकीलसाहेब, जे मोबाइलवर बुद्धिबळ शिकलेत. आणि रूपसिंगदादा, कोर्टाचे बेलिफ, म्हणजे घरोघरी नोटिसा पोहोचवणारे. गाव त्यांचं वर तोरणमाळला.

दिवसभर जमिनीचीच भांडणं ऐकतो, त्यामुळे आमच्या पटावरची भाषाही तीच झाली आहे. प्यादं पुढं आलं की "अतिक्रमण", जागचं हलू शकत नसलं की "स्टे लागला", आणि मारलं की "कब्जा काढला"!

*

नानांचं सगळं बुद्धिबळ एका वाक्यात आहे. पटाच्या बरोबर मध्यात चार घरं असतात. ज्याचं बस्तान तिथं आधी बसलं, त्याच्या सोंगट्यांना चारी बाजूंनी वाट मोकळी. दुसऱ्यानं मग कडेकडेनं हिंडावं. डाव सुरू झाला की नाना पहिलं मधलं बघतात, राजा-वजीर नंतर.

एकदा नाना फोनवर पुतण्याला डाव सांगत होते. आवाज नेहमीसारखाच, म्हणजे फोन नसता तरी पुतण्याला ऐकू गेला असता.

"पयले मधला चार घर ताबामा ले! आजूबाजूना मंग देखसूत! समोर कोनी उना ते सरळ उडाई दे!"

माझ्यासमोर अक्कलकुव्याचे एक गृहस्थ वारसाच्या दाखल्याचा अर्ज टाइप करून घेत होते. त्यांनी मान वळवून नानांकडे पाहिलं. मग खुर्ची माझ्या जवळ ओढली.

"ताई, अर्ज राहू द्या. आधी कॅव्हेट टाकायचंय. माझं ऐकल्याशिवाय कोर्टाचा हुकूम नको."

"कोणाविरुद्ध?"

त्यांनी हळूच अंगठा मागं केला. "त्या आजोबांविरुद्ध. आमच्या गल्लीत माझं घर मधलंच आहे!"

*

आता आप्पा आणि बापू. हे कोरीटचे सख्खे भाऊ. आप्पा थोरले, बापू धाकटे. वडिलांनी वावर दोघांत वाटून दिलं आणि विहीर आली बरोबर बांधावर. विहीर कोणाची, पाणी आधी कोणाचं, यावरून बोलाचाली झाली, मग बोलणं बंद झालं आणि कोर्ट सुरू झालं. तारखेला दोघं एकाच गावाहून यायचे, वेगवेगळ्या मोटारसायकलवर. एक शेडच्या या टोकाला बसणार, एक त्या टोकाला. एक पाणी प्यायला उठला की दुसरा बसून राहणार.

एकदा आप्पा नानांशी खेळायला बसले होते. निम्म्या डावात नानांकडे स्टँपला गिऱ्हाईक आलं, नाना उठले. आप्पा खाली मान घालून विचारात. इतक्यात समोर कोणी तरी येऊन बसलं आणि उंट हलवला. आप्पांनी उत्तर दिलं. त्यानं पुढची चाल केली. चार-पाच चालींनंतर आप्पांनी मान वर केली तर समोर बापू!

आम्ही श्वास रोखून बघतोय. आता पट उधळतात की काय! पण डाव चांगला रंगला होता. आप्पांनी मान खाली घातली आणि घोडा काढला.

तेव्हापासून प्रत्येक तारखेला दोघं खेळतात. बोलणं मात्र शून्य. आणि इथंच घोळ झाला. त्यांना खेळ शिकवला त्यांच्या वडिलांनी, आबांनी. आबांचा नियम असा की राजावर शह दिला तर तोंडानं "शह" म्हणायचं. म्हटला नाही तर तो शह धरायचा नाही. आता बोलायचं नाही आणि शह तर द्यायचाय! आप्पांनी वजीर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी टाइप करत होते. त्यांनी घसा खाकरला. परत पाहिलं.

"ताई," आप्पा म्हणाले, "त्याला सांगा, शह."

मी म्हटलं, "बापू, शह." बापूंनी राजा सरकवला. झालं! त्या दिवसापासून दोघांचे शह मीच म्हणते. एक दिवस मी जेवायला गेले तर माझा डबा उघडायच्या आत नाना बोलवायला आले. "चाला ताई, तुम्हना शह खोळंबना शे!"

*

आप्पांची मुलगी वैशाली एकदा माझ्याकडे प्रतिज्ञापत्र करायला आली. काम झालं, तरी पोरगी उठेना. मी म्हटलं, "काय गं? नावात चूक आहे का?"

"नाव बरोबर आहे ताई. माझं लग्न ठरलंय."

"अगं मग हस की!"

तर तिचे डोळे भरले. लहानपणी पोळ्याचे बैल तिनं बापूंच्या, म्हणजे काकांच्या खांद्यावर बसून पाहिलेत. सायकल काकांनी शिकवली. आणि आता लग्नात काका नाहीत. ती पत्रिका घेऊन स्वतः गेली होती. काकांनी तिला पोटभर जेवू घातलं आणि पत्रिका परत दिली. म्हणाले, "तू लेक शे. बलावनारा तुन्हा बाप. त्याले बोलू दे." घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर आप्पा म्हणाले, "धाकला तो शे. पयले तो बोलई."

"ताई, ते तुमच्याकडे रोज... म्हणजे तारखेला बसतात. एवढ्याजवळ तर ते कुठंच बसत नाहीत. तुम्ही काही तरी करा ना."

"मी काय करू गं? मी फक्त शह म्हणते."

"तेच तर!" ती चिडून म्हणाली. "माझे वडील काकांना शहसुद्धा तुमच्या तोंडानं म्हणतात. ये म्हणायला कोणाला पाठवतील?"

पैसे द्यायला लागली तर मी घेतले नाहीत. लग्नाचा आहेर समज म्हटलं. पण गेल्यावर मला त्या दोन म्हाताऱ्यांचा असा राग आला की एक अर्ज तीनदा चुकला.

*

वकीलसाहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ही सेंटरची कोंडी आहे." त्यांना प्रत्येक गोष्टीत सेंटर दिसतं. पण या वेळी त्यांनी पट पुढं ओढून दाखवलं. मध्यात दोघांची प्यादी एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभी. शेजारून मारता येतं, पण जो आधी मारतो, त्याचं प्यादं मधली जागा सोडून बाजूला जातं आणि मधलं समोरच्याला मिळतं. म्हणून कोणीच मारत नाही.

"म्हणजे जो आधी बोलेल तो हरला?" मी म्हटलं.

"त्यांना तसं वाटतं."

रूपसिंगदादा बाजूला चहा पीत होते. त्यांना हे मधल्याचं प्रकरण मान्यच नाही. ते मध्यात एकही प्यादं नेत नाहीत. दोन्ही उंट कोपऱ्यात ठेवतात आणि लांबून नेम धरतात. वकीलसाहेब म्हणाले, "दादा, या, तुमचंच बघू. मध्यात तुमचं कोणीच नाही!"

"साहेब, तोरणमाळला कड्यावर उभं राहिलं की खालचं आख्खं दिसतं. खाली उतरायचं कशाला?"

डाव सुरू झाला. वकीलसाहेबांनी मधली सगळी घरं भरून टाकली. दादा आपले वरून बघतायत. बघता बघता दादांचा वजीर गेला, मग हत्ती गेला, मग राजाच कोपऱ्यात सापडला. मात!

वकीलसाहेब खुशीत. "काय दादा? खालचं दिसलं नाही का?"

दादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "आज वर धुकं होतं."

*

पुढच्या तारखेला वकीलसाहेबांनी ठरवलं की या दोघा भावांचा खेळ आधुनिक करायचा. नवा खेळ शिकले की नवं बोलायला लागतील, असं त्यांचं लॉजिक.

"आप्पा, बापू, तुम्ही प्यादं सुरुवातीला एकच घर चालवता. हल्लीच्या नियमानं पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं. मधलं लवकर मिळतं!"

आप्पांनी ऐकून घेतलं. बापूंनीही. वकीलसाहेबांना जोर आला. त्यांनी वाकून आप्पांचं प्यादं स्वतःच दोन घरं पुढं ठेवलं.

दोन हात एकदम पुढं आले. एक आप्पांचा, एक बापूंचा. आणि दोघं एकदम बोलले, "आम्हना घरमा एकच घर चालस!"

प्यादं मागं गेलं. वकीलसाहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मी मात्र टाइप करता करता थांबले. अहो, 'आम्हना घरमा' म्हणाले ना दोघं! एकाच तोंडानं! मी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे. आम्हाला वाटलं, आता फुटतंय तोंड.

कसलं काय. आप्पांनी दोन चालींनंतर घोडा ठेवला आणि म्हणाले, "ताई, त्याला सांगा, शह."

*

एक बाई शहाद्याकडून आल्या होत्या, जावेबरोबरच्या वाटणीचा कागद करायला. कागदाला वेळ होता म्हणून पटाजवळ बसल्या. नाना आणि वकीलसाहेब खेळत होते आणि मधल्या चार घरांवर दोघांचं घमासान चाललं होतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी राहवेना.

"हे सगळे मधल्यासाठीच का भांडतायत?"

नानांनी आपलं ठरलेलं भाषण दिलं. मधलं म्हणजे काय, तिथून कशा चारी वाटा फुटतात, कडेला बसलं की कसं अडकायला होतं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"भाऊ, मधलं घेऊन तुम्ही करणार काय? बैलगाडी कुठून नेणार? कडेचं घ्या की, रोडटच आहे!"

त्या दिवसापासून आमच्याकडे हत्तीपुढच्या प्याद्याचं नाव 'रोडटच' पडलं. नाना म्हणाले, "त्या विहिरीचं पण असंच शे. मध्यात शे म्हनीसन भांडन. कडेले राहती ते दोन्ही भाऊ एका ताटात जेवतात." आप्पा आणि बापू शेडच्या दोन टोकांना बसले होते. ऐकू गेलं असणारच. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

*

मिरचीच्या हंगामात आमच्या शेडखाली खेळणं म्हणजे शिक्षाच. गावाबाहेर मिरची वाळत घातलेली असते आणि वारा तिकडून फिरला की आख्खं आवार शिंकतं. पुकारा करणाराही आधी शिंकतो, मग नाव घेतो.

त्या दिवशी आप्पा-बापूंचा डाव भरात होता. मध्यात नेहमीची नाकाला नाक लावलेली प्यादी. नाना वाकून बघत होते. वारा आला आणि नानांना अशी शिंक आली, अशी शिंक आली की पट उडाला! सोंगट्या बाकाखाली, माझ्या टेबलाखाली, एक घोडा तर गटारीच्या काठावर.

"पंचनामा करावा लागेल!" वकीलसाहेब म्हणाले. आम्ही सगळ्यांनी शोधून सोंगट्या गोळा केल्या आणि बाकावर ओतल्या. आता कोण कुठं होतं यावरून नवा खटला उभा राहणार, याची मला खात्री होती.

दोघं भाऊ न बोलता सोंगट्या लावायला लागले. आणि मग माझ्या लक्षात आलं. आप्पा बापूंची काळी प्यादी लावत होते आणि बापू आप्पांची पांढरी! दोघांना स्वतःपेक्षा दुसऱ्याचं पक्कं ठाऊक. एकाही सोंगटीवर वाद नाही. मला रडूच आलं. कोणी विचारलं तर म्हटलं, मिरची.

पट लागला. आप्पांनी समाधानानं बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"ताई, त्याला सांगा, चाल त्याची आहे."

मी पदर नाकाला लावला आणि मनात त्यांना जे म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

*

लग्नाआधीची शेवटची तारीख. वैशालीचा सकाळी फोन आला, "ताई, आज काही झालं तर झालं." हळद दोन दिवसांवर. पुढची तारीख पडणार ती थेट लग्नानंतरची.

मी तिघांना चहाला बोलावलं आणि म्हटलं, "आज मी शह म्हणणार नाही. कोणीच म्हणायचा नाही."

नाना म्हणाले, "आन् ते उठीसन चालना गयात ते?"

"गेले तर गेले. मी काय भोंगा आहे त्यांचा? त्या पोरीसाठी एक दिवस तोंड बंद ठेवा."

नानांसाठी ही मोठी गोष्ट होती. त्यांनी खबरदारी म्हणून पान तोंडात भरलं.

अकराच्या सुमारास दोघं बसले. आप्पा पांढरे, बापू काळे. प्यादी एकेक घर चालत मध्यात आली, समोरासमोर ठाकली आणि थांबली. कोणी मारेना, कोणी हटेना. मग आप्पांनी घोडा उचलला. अडीच घरं, मधल्या सगळ्या गर्दीवरून उडी मारून पलीकडे ठेवला. बापूंच्या राजावर सरळ शह!

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी प्रिंटरचं झाकण उघडलं आणि आत बघायला लागले. आप्पांनी नानांकडे पाहिलं. नानांनी पानानं फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं. वकीलसाहेबांनी फोन कानाला लावला, उलटा. रूपसिंगदादा वर पत्र्याकडे बघत होते.

आप्पा खाकरले. परत खाकरले. शह तर दिलाय, पण म्हटल्याशिवाय तो शह नाही. आबांचा नियम. बापूंना दुसरी कुठलीही चाल करून मोकळं होता आलं असतं. घोडा मारता आला असता. आम्ही बघतोय, बापूंचा हात जागचा हलत नाही. पटावरच नजर. आतून पुकारे ऐकू येत होते, दुसऱ्यांच्या केसचे. माझे हात प्रिंटरमध्ये काळे झाले. मी मनात म्हटलं, उठले आता दोघं, गेलं सगळं.

"आते म्हन ना, दादा," बापू म्हणाले.

आप्पांनी घोडा उगाचच सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "काय म्हनू?"

"जे म्हननं शे ते म्हन. घोडा कव्हयना उभा शे."

आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "वैशूनं लगीन शे."

"माले माहीत शे. आख्खा गावले माहीत शे."

"मंग..." आप्पांनी मांडीवरची टोपी परत उचलली. "मंग येजो ना रे भो."

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की सवयीनं तोंडातून निघूनच गेलं, "शह!"

दोघं भाऊ एकदम माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही मध्ये बोलू नका!"